सीपीयू रिकामा, तरी सर्व्हर अडकतो! दर रविवारी मंद होणाऱ्या डिस्कचा शोध

मोबाइलवर ऑनलाइन टेस्ट देताना उत्तरावर टॅप केलं आणि ते गोल चक्र फिरतच राहिलं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं झालं असेल. अशा वेळी आपण आधी नेटला शिव्या घालतो, मग फोनला. पण कधी कधी नेटही ठीक असतं आणि फोनही. अडलेलं असतं ते तिकडे, सर्व्हरच्या डिस्कपाशी. २०२५ च्या पहिल्या तीन महिन्यांत या एका गोष्टीने माझे जवळपास सगळे रविवार खाल्ले, म्हणून आज त्यावरच लिहितेय.

माझा मावसभाऊ लातूरला अकरावी-बारावीचे क्लासेस चालवतो. घरात सगळे त्याला दादा म्हणतात. दर रविवारी सकाळी दहा ते एक तो सीईटीची सराव परीक्षा घेतो. पीसीएमचे दीडशे प्रश्न, तीन तास, सगळं ऑनलाइन. साधारण चारशे मुलं असतात आणि बहुतेक जण मोबाइलवरूनच पेपर देतात. कोणी लातूर शहरातून, कोणी निलंगा, औसा, अहमदपूरकडच्या गावांतून. वेबसाइट मी बनवून दिली होती, पुण्यातली नोकरी सांभाळून. सर्व्हर म्हणून एक स्वस्तातला व्हीपीएस घेतला होता: दोन कोअर, दोन जीबी रॅम, ४० जीबी एसएसडी, महिन्याला सहाशे रुपये.

जानेवारीत दादाचे फोन सुरू झाले. "अगं, परत अडकलं बघ. पोरं नुसती फोन करायलेत." पेपर सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास सगळं मस्त चालायचं, मग एकदम पानं उघडायची बंद. एका मुलीची ६८ प्रश्नांची उत्तरं गेली. तिने पान रिफ्रेश केलं आणि समोर कोरा पेपर आला. तिचे वडील दुसऱ्या दिवशी क्लासवर आले होते. दादाने फी परत करायची तयारी दाखवली. ते म्हणाले, फीचं राहू द्या, पोरगी म्हणतेय आता परत पेपरच देणार नाही. हे ऐकल्यावर मात्र मला "बघते गं... बघते रे" म्हणून टाळणं शक्य नव्हतं.

माझी पहिली चूक

सर्व्हरवर लॉगिन करून मी 'टॉप' ही कमांड चालवली. सर्व्हर मंद झाला की सगळेच आधी हेच करतात. वर दिसलं, लोड अ‍ॅव्हरेज ४१. दोन कोअरच्या मशीनवर ४१! म्हणजे प्रोसेसर कमी पडतोय, असं मी धरून चालले. दादाला सांगून चौदाशे रुपयांचा प्लॅन घेतला. चार कोअर, चार जीबी रॅम.

पुढच्या रविवारी तेच. लोड ४४.

आता जरा थांबून हा आकडा काय सांगतो ते बघू, कारण इथे भलेभले फसतात. लिनक्समध्ये लोड अ‍ॅव्हरेज म्हणजे फक्त 'सीपीयूसाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रोसेस' नाही. जी प्रोसेस डिस्ककडून उत्तर यायची वाट बघत अडकून पडलीये, तीसुद्धा त्यात मोजली जाते. प्रोसेसच्या यादीत अशा प्रोसेससमोर 'डी' हे अक्षर दिसतं. ती इतकी घट्ट अडकलेली असते की साधारणपणे तिला मारताही येत नाही. त्यामुळे सीपीयू आरामात बसलेला आणि लोड ४१, हे सहज होऊ शकतं.

खरी गोष्ट त्याच स्क्रीनवर, दोन ओळी खाली लिहिलेली होती. सीपीयूच्या ओळीत 'यूएस', 'एसवाय', 'आयडी' असे छोटे आकडे असतात ना, त्यात 'डब्ल्यूए' नावाचा एक असतो. सीपीयूला करायला दुसरं काही काम नाही आणि कोणाचं तरी डिस्कचं काम अडलंय, असा वेळ किती टक्के गेला ते तो सांगतो. माझ्याकडे 'यूएस' होता ७ आणि 'डब्ल्यूए' होता ७४. थोडक्यात, मी स्वयंपाक्यांची संख्या दुप्पट केली होती, आणि अडचण ही होती की बाजारातून भाजीच आलेली नव्हती.

तिथेच 'एसटी' असाही एक आकडा असतो. (आपली लाल परी नव्हे!) आपल्या वाट्याचा सीपीयू त्याच मशीनवरच्या दुसऱ्या कोणाला दिला गेला, तर तो वेळ इथे दिसतो. माझा 'एसटी' शून्याच्या आसपास होता. तेव्हा मला वाटलं, म्हणजे शेजाऱ्यांचा त्रास नाही. हेही चुकीचंच निघालं. 'एसटी' फक्त सीपीयूचा हिशेब देतो. डिस्क दुसऱ्या कोणी अडवली असेल तर ते सांगणारा असा कोणताही सरळ आकडा तुमच्या व्हीपीएसमध्ये नसतो.

शेजारी कसले?

व्हीपीएस म्हणजे स्वतंत्र मशीन नव्हे. डेटा सेंटरमध्ये एक मोठा सर्व्हर असतो, त्यावर केव्हीएमसारखं सॉफ्टवेअर चालवून त्याचे कित्येक छोटे भाग पाडतात आणि प्रत्येक भाग वेगळ्या गिऱ्हाइकाला देतात. तुम्हाला आत स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम, स्वतःचा पासवर्ड, 'व्हीडीए' नावाची स्वतःची डिस्क दिसते. पण ती डिस्क बऱ्याचदा त्या मोठ्या सर्व्हरच्या खऱ्या डिस्कवरची एक फाइल किंवा एक तुकडा असते.

सोसायटीत प्रत्येकाचा फ्लॅट वेगळा, नळ वेगळा, पण गच्चीवरची टाकी एक. सकाळी सात वाजता सगळ्यांनी एकदम नळ सोडले की तुमच्या नळाला करंगळीएवढी धार येते. तुम्ही नवा, मोठा नळ बसवलात तरी धार तेवढीच राहणार. मी घेतलेला चौदाशेचा प्लॅन म्हणजे तो नवा नळ होता.

फोनमध्येही हे थोड्या प्रमाणात दिसतं. प्ले स्टोअर मागे दहा अ‍ॅप अपडेट करत असेल आणि तुम्ही गॅलरी उघडलीत तर फोन अडखळतो, कारण सगळी अ‍ॅप एकाच स्टोरेजवर लिहीत-वाचत असतात. स्वस्त फोनमध्ये रॅम भरपूर असूनही स्टोरेज ईएमएमसी प्रकारचं असलं, तर हे जास्त जाणवतं. फरक इतकाच, की फोनमध्ये सगळे शेजारी तुमच्याच घरातले असतात. सेटिंगमध्ये जाऊन अपडेट थांबवता येतात.

डिस्क 'फास्ट' आहे असं सांगणारा खोटा आकडा

एका सोमवारी संध्याकाळी मी ठरवलं, आता डिस्क मोजूनच टाकू. 'डीडी' कमांडने एक जीबीची फाइल लिहिली. उत्तर आलं, सेकंदाला ९०० एमबी. दादाला फोन करून मी ठणकावून सांगितलं, डिस्क एकदम झकास आहे, तुझ्या मुलांचं नेट बघ.

यात दोन चुका होत्या. पहिली, लिनक्स लिहायचा डेटा आधी रॅममध्ये ठेवतो आणि सावकाश डिस्कवर उतरवतो. 'डीडी'ला मुद्दाम सांगितलं नाही की 'डिस्कवर पोचल्याशिवाय झालं म्हणू नकोस', तर ती रॅमचाच वेग दाखवते. मी डिस्क मोजलीच नव्हती. दुसरी चूक जास्त महत्त्वाची. वेबसाइटला सेकंदाला ९०० एमबी कधीच लागत नाहीत. तिला लागतात चार-चार, सोळा-सोळा केबीचे तुकडे, डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून. तिथे प्रश्न 'किती एमबी' हा नसतो, तर 'एक तुकडा मागितला की किती वेळात मिळतो' हा असतो. याला लेटन्सी म्हणतात आणि ती मिलिसेकंदांत मोजतात.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं उदाहरण घ्या. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. त्यात वाचणारा हात योग्य जागी सरकायचा वेळ धरला, तर विखुरलेले तुकडे सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचून होतात. सलग मोठी फाइल मात्र तीच डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबीने वाचते. एकच डिस्क, एका कामात वेगवान, दुसऱ्या कामात कासव. एसएसडीला फिरायचं नसतं, म्हणून ती विखुरलेले तुकडेही हजारोंच्या संख्येने देते. पण तीसुद्धा वीस जणांनी एकदम ओढली की रांग लागतेच.

एमबीचा आकडा जाहिरातीत चांगला दिसतो. मी आता तो बघतच नाही.

माझा आवडता सिद्धांत, आणि तो कसा कोसळला

फेब्रुवारीत माझ्या डोक्यात एक झकास कल्पना आली. पेपर दहाला सुरू होतो, साडेदहाला अडकतो. बरोब्बर अर्धा तास! आणि क्लाउडच्या जगात अर्ध्या तासाचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अ‍ॅमेझॉनच्या जीपी२ प्रकारच्या डिस्कला दर जीबीमागे सेकंदाला तीन व्यवहार मिळतात, कमीत कमी १००. पण लहान डिस्कला थोडा वेळ ३००० पर्यंत उसळी मारता येते आणि त्यासाठी सुरुवातीला ५४ लाख क्रेडिट दिलेले असतात. ५४ लाख भागिले ३००० म्हणजे १८०० सेकंद. अर्धा तास! क्रेडिट संपले की डिस्क एकदम आपल्या मूळ वेगावर येते. जीपी२ वर सर्व्हर असलेल्या अनेकांना 'सकाळी चांगला होता, आता काय झालं' हा अनुभव येतो, तो यामुळे. नंतर आलेल्या जीपी३ मध्ये ही भानगड काढून थेट ३००० व्यवहार दिले आहेत.

आमचा सर्व्हर अ‍ॅमेझॉनचा नव्हता, पण त्या कंपनीनेही असाच काही नियम लावला असेल असं मी गृहीत धरलं. सिद्धांत इतका नीट बसत होता की तपासावासाच वाटला नाही.

मग १६ मार्चच्या रविवारी पेपर दहा वाजताच अडकला. पहिल्या मिनिटाला. क्रेडिट संपायला अर्धा तास लागतो म्हणावं, तर इथे मुलांनी पहिला प्रश्नही वाचला नव्हता. आणि सीईटी तोंडावर आलेली. पीसीएम ग्रुपचे पेपर १९ एप्रिलपासून सुरू होणार होते. हातात चार-पाच रविवार उरले होते.

आता मोजायचं कसं

इतके दिवस मी अडकल्यावर धावत जाऊन बघत होते. चोर पळाल्यावर पंचनामा. त्या रात्री मी दोन गोष्टी बसवल्या.

पहिली 'आयओपिंग'. नेटचा पिंग असतो तसाच हा डिस्कचा पिंग. एक छोटा तुकडा मागते आणि किती वेळात आला ते सांगते. ही कमांड रॅममधली कॅश वगळून चालवायची, नाहीतर परत 'डीडी'सारखी फसगत. मी ती क्रॉनमध्ये टाकली: दर मिनिटाला दहा वेळा विचार, सरासरी वेळेसकट फाइलमध्ये लिही. काम इतकं हलकं की सर्व्हरला कळतही नाही. यासाठी 'एफआयओ' नावाचं जास्त भारी साधन आहे, पण ते डिस्कवर खरा ताण टाकतं. चालू सर्व्हरवर आणि शेजाऱ्यांच्या टाकीवर ते सतत चालवणं मला पटत नाही.

दुसरी 'आयओस्टॅट', 'एक्स' हा पर्याय लावून. हिची पहिली नोंद सोडून द्या, ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या नोंदींमध्ये तीन गोष्टी बघायच्या: सेकंदाला किती वाचन, सेकंदाला किती लेखन, आणि 'अवेट', म्हणजे एका व्यवहाराला लागलेला सरासरी वेळ. शेवटच्या 'युटिल' या रकान्याकडे बघून घाबरू नका. एकाच वेळी अनेक कामं करू शकणाऱ्या एसएसडीवर तो १०० टक्के दिसला तरी डिस्कमध्ये दम उरलेला असू शकतो.

या तीन आकड्यांतून तीन वेगळी चित्रं निघतात, आणि माझ्या मते या पूर्ण लेखात लक्षात ठेवण्यासारखं काही असेल तर ते हेच.

व्यवहार खूप आणि 'अवेट'ही जास्त, तर ओझं तुमचं आहे. 'आयओटॉप' लावा, कोणती प्रोसेस डिस्क खातेय ते नावानिशी दिसेल. बऱ्याचदा रॅम संपून स्वॅप सुरू झालेलं असतं. तेव्हा 'व्हीएमस्टॅट'मध्ये 'एसआय' आणि 'एसओ' हे आकडे सतत हलताना दिसतात.

व्यवहार एका ठराविक आकड्यावर जाऊन पाटीसारखे सपाट झाले, समजा बरोब्बर ३०० आणि त्याच्या वर कधीच नाही, तर कंपनीने मर्यादा घातली आहे. तेव्हा वरचा प्लॅन घेण्यात अर्थ आहे, पण त्यात डिस्कची मर्यादा वाढते का ते विचारून.

आणि व्यवहार अगदी थोडे, तरीही 'अवेट' आभाळाला, तर रांग तुमच्या भिंतीपलीकडे लागली आहे. शेजारी, किंवा खालच्या खऱ्या सर्व्हरवरच काहीतरी बिघाड.

पाडव्याचा रविवार

२३ मार्चला नोंदी मिळाल्या. साडेनऊला लेटन्सी चढली. पण मुलं साडेनऊपासूनच लॉगिन करून बसतात, त्यामुळे ओझं आमचं की बाहेरचं हे छातीठोक सांगता येईना.

३० मार्चला गुढीपाडवा होता, आणि तोही रविवारीच. दादाने पेपर ठेवला नव्हता. वेबसाइटवर कोणीच नाही. घरी गुढी उभारून झाल्यावर मी एका कोपऱ्यात फोन घेऊन बसले. (अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं अ‍ॅप आहे, त्यातून सर्व्हरवर लॉगिन करता येतं. लॅपटॉप उघडला असता तर आईने तो श्रीखंडात बुडवला असता.) ९:२९ ला आयओपिंगचा आकडा ०.४ मिलिसेकंद. ९:३१ ला ३८. ९:३५ ला १२६. आयओस्टॅटमध्ये आमचे स्वतःचे व्यवहार सेकंदाला जेमतेम आठ. तिसरं चित्र, अगदी स्पष्ट. पावणेबाराच्या सुमारास आकडा उतरून परत अर्ध्या मिलिसेकंदावर आला.

पण रविवारी साडेनऊलाच का? आणि आधी साडेदहा कसं होतं?

जुन्या नोंदी माझ्याकडे नव्हत्या. मग आठवलं, एक नोंदवही आहे: क्लासचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप! दुपारी बसून मी मागे मागे सरकवत गेले आणि दर रविवारचा पहिला 'सर अडकलंय' मेसेज शोधला. जानेवारी, फेब्रुवारी, सगळीकडे १०:३३, १०:३४, १०:३६. ९ मार्चलाही १०:३४. आणि १६ मार्चला १०:०२, म्हणजे पेपर उघडल्या उघडल्या. ९ आणि १६ मार्चच्या मधे काहीतरी एक तास अलीकडे सरकलं होतं.

पुण्यात आयटीत काम करणाऱ्यांना हे लगेच ओळखू यायला हवं. आमच्या टीमचा अमेरिकेबरोबरचा कॉल थंडीत संध्याकाळी साडेसातला असतो. मार्चमध्ये एक दिवस तो आपोआप साडेसहाला येतो, कारण तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात, मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता. २०२५ मध्ये तो रविवार होता ९ मार्च.

आमचा व्हीपीएस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरमध्ये होता, तिथला प्लॅन सगळ्यात स्वस्त होता म्हणून. तिकडे थंडीत मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेदहा होतात. घड्याळं पुढे केल्यावर साडेनऊ. आणि ९ मार्चची मध्यरात्र घड्याळ बदलायच्या दोन तास आधीची, म्हणून त्या दिवशीही साडेदहाच. तिढा पूर्ण सुटला.

आता मध्यरात्री काय होतं? बॅकअप. क्रॉनमध्ये 'वीकली' असा एक तयार शब्द आहे. तो लिहिला की काम आठवड्यातून एकदा चालतं, आणि ती वेळ ठरलेली आहे: रविवार, रात्री बारा वाजून शून्य मिनिटं. आमच्या मशीनवरच्या ज्या ज्या शेजाऱ्याने आळसाने तो शब्द वापरला असेल, त्या सगळ्यांचे साप्ताहिक बॅकअप एकाच क्षणी सुरू होणार. प्रत्येक जण आपली पूर्ण डिस्क वाचणार, दाबून छोटी करणार, परत लिहिणार. त्यांची शनिवारची रात्र म्हणजे आमच्या चारशे मुलांची रविवारची सकाळ. नोंदींमध्ये रोज पहाटे साडेपाचलाही एक छोटी उसळी होती, सहा-सात मिलिसेकंदांची. ती कोणाची, तेही कळलं असेल: ज्यांचं घड्याळ यूटीसीवर आहे त्यांची मध्यरात्र.

शेजाऱ्यांच्या मशीनमध्ये मला डोकावता येत नाही, त्यामुळे 'बॅकअपच' हे मी बघितलेलं नाही, ताडलेलं आहे. पण घड्याळाबरोबर तासभर सरकणारी दुसरी कोणतीही गोष्ट मला सुचली नाही.

तिकीट

कंपनीच्या सपोर्टला मी फेब्रुवारीत एकदा लिहिलं होतं, "सर्व्हर स्लो आहे, प्लीज बघा." उत्तर आलं होतं, वरचा प्लॅन घ्या. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्या वाक्यातून दुसरं काय कळणार?

या वेळी लिहिलं ते असं: तारीख आणि वेळ यूटीसीमध्ये, त्या वेळचे आमचे व्यवहार किती, 'अवेट' किती, शांत वेळेचे आकडे किती, पाडव्याच्या दिवशीच्या मिनिटा-मिनिटाच्या नोंदी सोबत जोडल्या. शेवटी एकच नेमकी मागणी: आम्हाला दुसऱ्या फिजिकल सर्व्हरवर हलवा. चूक कोणाची यावर एक शब्दही नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं की त्यांना त्या सर्व्हरवर बिघाड आढळला नाही, पण गुरुवारी हलवून देतो. दिलं.

आणि माझ्या बाजूची घाण

आता लाज वाटणारा भाग. डिस्क शेजाऱ्यांनी अडवली हे खरं, पण त्या मुलीची उत्तरं माझ्यामुळे गेली.

मी वेबसाइट अशी लिहिली होती की प्रत्येक मुलाचा उरलेला वेळ दर दहा सेकंदांनी डेटाबेसमध्ये जायचा. चारशे मुलं भागिले दहा, सेकंदाला चाळीस नोंदी, फक्त घड्याळासाठी. मायएसक्यूएल नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक नोंद पक्की करताना डिस्कला 'खरंच लिहून झालं का' असं विचारून थांबतो. याला एफसिंक म्हणतात. अर्ध्या मिलिसेकंदात उत्तर येत असेल तर चाळीस काय, चारशेही चालतात. पण एका विचारण्याला १२० मिलिसेकंद लागले तर एकामागोमाग सेकंदाला आठच होतात. मायएसक्यूएल काही नोंदी एकत्र पक्क्या करतो, त्यामुळे गणित इतकं क्रूर नसतं, पण रांग वाढतच जाते. वेबसर्व्हरचे मोजके कामगार सगळे त्याच रांगेत अडकले की ज्याला नुसतं पान वाचायचंय त्यालाही गोल चक्र.

उरलेला वेळ साठवायची गरजच नव्हती. पेपर कधी सुरू केला हे एकदा लिहिलं की बाकी सगळं वजाबाकीने निघतं. ते काढून टाकलं. उत्तरं आता आधी मुलाच्या फोनमध्येच, ब्राउझरच्या साठवणीत जातात आणि दर वीस सेकंदांनी एकगठ्ठा सर्व्हरकडे. सर्व्हर अडला, नेट गेलं, पान रिफ्रेश झालं, तरी उत्तरं फोनमध्ये राहतात. डेटाबेसची कॅश १२८ एमबीच होती, ती ५१२ केली, त्यामुळे प्रश्न वाचायला डिस्कपर्यंत जावंच लागत नाही. डीबग लॉग बंद केला. तो मी डिसेंबरमध्ये चालू करून विसरले होते.

एक गोष्ट मुद्दाम केली नाही. मायएसक्यूएलमध्ये असं सेटिंग आहे की डिस्कला दर नोंदीमागे न विचारता सेकंदातून एकदाच विचारायचं. वेग झटकन वाढतो, म्हणून इंटरनेटवर सगळीकडे हाच उपाय सुचवलेला दिसतो. पण सर्व्हर अचानक बंद पडला तर शेवटच्या सेकंदाभराच्या नोंदी जाऊ शकतात. दुकानाच्या पेज व्ह्यूसाठी मी ते बिनधास्त करेन, कोणाच्या उत्तरपत्रिकेसाठी नाही.

आमचा स्वतःचा बॅकअप कधी चालत होता, विचाराल तर रात्री बरोब्बर बारा वाजता. म्हणजे मीही कोणाची तरी तसलीच शेजारीण होते. आता तो ३:१७ ला चालतो. सिस्टमडीच्या टायमरमध्ये तर वेळ थोडी इकडे-तिकडे हलवायची सोयच दिलेली आहे.

६ एप्रिलच्या रविवारी मी सकाळी नऊपासून टर्मक्स उघडून बसले. ९:२९ ला ०.४. ९:३१ ला ०.६. ९:४० ला ०.९, आणि तिथून पुढे वर गेलाच नाही. चारशे बारा मुलांनी पेपर दिला. ग्रुपवर १०:२० ला एक मेसेज आला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. "सर, चार्जिंग संपत आलंय, घरी लाइट नाही, काय करू?" दादाने त्याला शेजारच्या घरी जायला सांगितलं. ६८ उत्तरं गेलेल्या मुलीचं नाव यादीत होतं की नाही ते मी दुपारी बघितलं. होतं. १५० पैकी १३९ सोडवले होते.

दुसऱ्या दिवशी प्लॅन परत सहाशेवर आणला. दोन कोअरमध्ये 'यूएस' अकरा टक्क्यांच्या वर गेलेला नाही.